मेळाव्यात नवशिक्यांना विणायला बसवायचं तर

भाचीनं आणि तिच्या कॉलेजच्या पोरांनी कोल्हापूरला राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ॲनिमे (जपानी कार्टून) आणि कॉमिकच्या चाहत्यांचा मेळावा भरवला, तेव्हा ती म्हणाली, "मावशी, एक कोपरा तू घे, विणायला शिकव." दोन वर्षं मी तो कोपरा सांभाळला. तुम्हीही असं काही करणार असाल, तर सगळ्यात मोठं काम आदल्या रात्रीचं आहे.

टाके आधीच घालून ठेवा, म्हणजे सुईवर सुरुवातीचे फास चढवून ठेवा. पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला टाके घालण्यापासून शिकवायला गेले. दोन सुयांच्या विणकामात टाके घालणं आणि पहिली ओळ हेच सगळ्यात अवघड. धरायला खाली वीण नसते, टाके सुईवर गोल फिरतात, घट्ट बसतात. एक मुलगी वीस मिनिटं गाठीच सोडवत बसली आणि "मला नाही जमत" म्हणून उठून गेली. तिला मी थांबवू शकले नाही याचं मला अजून वाईट वाटतं. दुसऱ्या वर्षी मी आणि माझ्या जाऊबाईंनी रात्री बसून २० सुयांवर १२-१२ टाके घातले आणि प्रत्येकीवर चार ओळी विणून ठेवल्या. माणूस खुर्चीत बसला की सुया त्याच्या हातात, पाचवी ओळ त्याची. हात बसल्यावर, ज्याला घरी नवं सुरू करायचंय त्याला टाके घालायला दाखवायचं.

शिकवायचा तो फक्त सुलट टाका. उलट टाका त्या दिवशी नकोच. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंनी सारखी, जाड वीण येते आणि कडा वळत नाहीत. "एवढ्यात काय होणार?" असं कुणी विचारलं तर त्याला 'डॉक्टर हू' या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला मफलर दाखवा. १९७४ साली त्यातल्या डॉक्टरचं काम करणाऱ्या टॉम बेकरसाठी बेगोनिया पोप यांनी तो विणला, तोही सुलट टाक्यांचाच. त्यांना दिलेली सगळी लोकर त्यांनी विणून टाकली, म्हणून तो इतका लांबलचक झाला. हे ऐकून पोरं पुन्हा सुया उचलतात, मी पाहिलंय. आमच्याकडे १२ टाक्यांची मनगटपट्टी होती, आपापल्या आवडत्या पात्राच्या रंगात.

रंगांवरून मात्र थोडं ठाम राहा. निम्म्यांना काळीच लोकर हवी असते आणि काळ्यावर टाका दिसत नाही. फिक्या रंगानं सुरुवात, काळा पट्टा नंतर. लोकर मध्यम जाडीची, साधी ॲक्रिलिक चालते, केसाळ नको. सुया ५ मिलिमीटरच्या, जमलं तर बांबूच्या. ॲल्युमिनियमवरून टाके सुळकन घसरतात. दुकानात नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश नंबरात ८ म्हणजे ४ मिलिमीटर, अमेरिकन नंबरात ८ म्हणजे ५. पोरं इंटरनेटवरून उतरवलेला नमुना घेऊन येतात आणि इथंच फसतात.

फलकावर नुसतं 'विणकाम' लिहू नका. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर, आपल्याकडे विणकाम म्हटलं की यंत्रमाग. एकानं मला घोंगडी विणायची का म्हणून विचारलं. आम्ही मग 'दोन सुया आणि लोकर, काहीही येत नसलं तरी या' असं लिहिलं.

शिकवणाऱ्या एका माणसामागे चारच जण. उजवखुऱ्याला शेजारी बसवा, डावखुऱ्याला समोर, म्हणजे त्याला तुमचे हात आरशातल्यासारखे दिसतात. खुर्च्या हात नसलेल्या, जागा ट्यूबलाइटखाली आणि स्पीकरपासून लांब. आवडत्या पात्राचं सोंग घेऊन आलेल्यांच्या झोळदार बाह्या लोकरीत गुंततात, रबरबँड जवळ असू द्या. दारावर तलवारी-भाले तपासतात, तिथं सुयाही अडवतात. आयोजकांना आधी सांगून ठेवा.

चुका ठरलेल्या असतात. १२ चे १४ झाले, तर बहुतेक ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे ओढला गेलेला असतो आणि पहिला टाका दोन असल्यासारखा दिसतो. दोरा आधी खाली, मग सुईखालून मागे. प्रत्येक ओळीला टाके मोजायला लावा. गळलेला टाका उचलायला क्रोशाची सुई ठेवा आणि शिकणाऱ्याच्या हातातलं काम स्वतःकडे ओढून घेऊ नका. उसवायचं असेल तर विचारून उसवा. त्यानं विणलेल्या ओळी त्याच्या आहेत, वाकड्या असल्या तरी.

पाऊण तासात पट्टी पुरी होत नाही. सुया आणि उरलेली लोकर घरी न्यायला द्या, सोबत वीण बंद कशी करायची त्याची चिठ्ठी: दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून ओढून सोडा, आणखी एक विणा, तसंच, शेवटच्या टाक्यातून दोरा कापून ओढून घ्या. चिठ्ठीच्या मागे आम्ही लिहिलं होतं, 'अडलं तर रविवारी पाचला रंकाळ्यावर.' पहिल्या रविवारी सहाजण आले, त्यातल्या चौघांचे टाके गळले होते. जाऊबाईंनी क्रोशाची सुई आणली होती.