बंद गाळा महिनाभरासाठी कसा मिळवावा आणि कसा चालवावा

चित्रांचं प्रदर्शन किंवा शेजाऱ्यांसाठी छोटा उपक्रम करायला बंद गाळा हवा असेल, तर गाळेमालकाकडे जाताना 'कला', 'समाज' हे शब्द घरीच ठेवा. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: ही मंडळी वेळेवर उठतील ना? ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये मार्कस वेस्टबरी यांनी २००८ साली 'रिन्यू न्यूकॅसल' हा रिकामी दुकानं कलाकारांना तात्पुरती वापरायला देणारा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांनी हीच भीती आधी दूर केली. दुकान भाड्याने मागायचंच नाही, फक्त वापरायची परवानगी घ्यायची. तीही तीस-तीस दिवसांची, आणि खरा भाडेकरू आला की जागा सोडायची.

आपणही तसंच बोलावं. भाडं कमी करा म्हणू नका; एकदा आकडा खाली आला की पुढचा भाडेकरूही तोच धरून बसतो, म्हणून तर कित्येक मालक गाळा रिकामा ठेवतात. त्यापेक्षा लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि साफसफाई आमच्याकडे, असं सांगा.

तोंडी होकारावर सामान हलवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुदत, वापर, सोडण्याची नोटीस हे सगळं त्यात येऊ द्या, आणि मसुदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

किल्ली मिळाली की आधी मीटरच्या रीडिंगचा आणि चारही भिंतींचा फोटो काढा. शटर गंजलेलं असतं, त्याला ग्रीस लावा. वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय एकही फोकस लावू नका. बहुतेक गाळ्यांना बाहेर पडायला शटर हीच एक वाट असते, तेव्हा आत माणसं असताना ते पूर्ण वर हवं; ऊन येतं म्हणून अर्ध्यावर ओढायचं नाही. भिंतीत खिळे ठोकू नका. सुतळी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगता येतात, आणि मला तर ती तशीच जास्त आवडतात.

सुरुवात एका टेबलावर मावेल अशा गोष्टीने करा: आकाशकंदील बनवणं, जुन्या पुस्तकांची अदलाबदल, शिवणकामाची दुरुस्ती. वेळ रोजची ठरलेली हवी. 'सहा ते नऊ' लिहिलंत आणि दोनदा कुलूप दिसलं, की तिसऱ्यांदा कोणी फिरकत नाही.

सोडताना पहिल्या दिवसाचे फोटो मालकाला दाखवा, नवं रीडिंग लिहून द्या, किल्ली त्याच्या हातात ठेवा. त्याच वेळी ओळखीच्या दुसऱ्या गाळेवाल्याचा नंबर मागून घ्या.