कॉल कितव्या सेकंदाला तुटतो ते आधी मोजा

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ऑफिसचे फोन बसवतो. पूर्वी ईपीबीएक्स (ऑफिसचं जुन्या पद्धतीचं एक्सचेंज) आणि तारा जोडायच्या क्रोनच्या पट्ट्या होत्या, आता नेटवर्कवरून चालणारे आयपी फोन. मागच्या पावसाळ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला, "बोलता बोलता लाइन कट होतीय, फायरवॉल बंदच करून टाका की!" मी म्हटलं, आधी बाहेरून मोबाइलवरून ऑफिसला कॉल लावा आणि किती वेळात तुटतो ते बघा. 32 सेकंद. पुन्हा लावला, पुन्हा 32.

हा आकडा दिसला की मी फायरवॉलला, म्हणजे बाहेरचं नको ते अडवणाऱ्या पहाऱ्याला, हात लावत नाही. आपण फोन उचलला की आपलं एक्सचेंज (ऑफिसचे कॉल जोडणारी यंत्रणा) पलीकडे "उचलला" असा निरोप धाडतं आणि पोचेची वाट बघतं. त्या निरोपात परतीचा पत्ता 192.168 वाला, म्हणजे ऑफिसच्या आतला, गेला असेल तर पोच येणार कशी? 32 सेकंद वाट बघून एक्सचेंज कॉल सोडून देतं. उपाय दोनच. एक्सचेंजच्या नॅट (आतल्या पत्त्याऐवजी बाहेरचा पत्ता लावणं) सेटिंगमध्ये आपला स्टॅटिक पब्लिक आयपी (बाहेरून दिसणारा, न बदलणारा पत्ता) आणि आतलं नेटवर्क नीट भरा, आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी (फोनच्या निरोपांतले पत्ते आपणहून बदलणारी सोय) बंद करा. हे एएलजी मदतीला म्हणून दिलेलं असतं, पण मला तरी त्याने कधी मदत केलेली आठवत नाही.

कॉल 15 मिनिटांच्या आसपास तुटत असेल तर रोग वेगळा. बऱ्याच ठिकाणी सेशन टायमर (कॉल चालू असल्याची खात्री करायची मुदत) 1800 सेकंदांचा असतो आणि निम्म्या वेळेला "अजून चालू आहे ना?" अशी विचारणा होते. तोवर राउटर ते कनेक्शन विसरलेला असतो. सकाळचा पहिला कॉल येतच नाही, आपण एक बाहेर लावला की मग येऊ लागतात, हीसुद्धा त्याचीच खूण. राउटरचा यूडीपी टाइमआउट (शांत पडलेलं कनेक्शन किती वेळ लक्षात ठेवायचं ते) 300 सेकंद करा, एक्सचेंजवर कीप-अलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारा छोटा निरोप) 30 सेकंदांचा ठेवा.

आवाज एकाच बाजूने येतोय? मग ऑपरेटरला ईमेल करून विचारा की सिग्नलिंग (कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप) कुठल्या आयपीवरून येतं आणि आवाज कुठल्या. पुष्कळदा दोन्ही वेगळे असतात आणि आपण पहिलाच आयपी फायरवॉलमध्ये घातलेला असतो. ईमेलच करा, फोनवरची माणसं रोज वेगळं सांगतात.

आता दार किती उघडायचं. 5060, म्हणजे सिग्नलिंगचा पोर्ट (दार), फक्त ऑपरेटरच्या आयपींसाठी. आवाजाला अॅस्टेरिस्क या एक्सचेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये सहसा 10000 ते 20000 पोर्ट धरलेले असतात. दहा कॉल एकदम चालले तरी चाळीसेक पोर्ट पुरतात, म्हणून मी एक्सचेंज आणि फायरवॉल दोन्हीकडे 10000 ते 10200 करतो. डीएमझेड (एक्सचेंजची सगळी दारं बाहेरच्यांना उघडी टाकणं) कधीच नाही. त्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भाच्याने मी पोचायच्या आत एका रात्रीपुरतं डीएमझेड चालू केलं होतं. सकाळी लॉग उघडला तर एक्स्टेन्शन 100, 101, 102 असे ओळीने पासवर्ड ठोकून बघितलेले. नशीब की 101 चा पासवर्ड 101 नव्हता. नाहीतर शनिवारी रात्री परदेशी कॉल सुरू होतात आणि सोमवारी बिल कळतं. म्हणून आयएसडी ऑपरेटरकडूनच बंद करून घ्या; लागत असेल तर मोजक्याच देशांपुरतं ठेवा.

घरून काम करणाऱ्यांना वायरगार्ड (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, कुलूपबंद वाट) द्या, त्यांच्यासाठी 5060 जगाला उघडू नका. पोर्ट बदलून 5060 च्या जागी दुसरा ठेवला तर लॉगमधली गर्दी कमी होते, कुलूप लागत नाही.

फेल-टू-बॅन (चुकीचे पासवर्ड मारणाऱ्या आयपीला अडवणारा प्रोग्राम) जरूर लावा, पण ऑफिसचं नेटवर्क आणि ऑपरेटरचे आयपी आधी वगळा. मी एकदा विसरलो. काउंटरवरच्या एका फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला होता. त्याच स्विचवरून, त्याच पत्त्यामागून जाणारे शाखेचे सहाही फोन भर दुपारी बंद! फेल-टू-बॅनने आम्हालाच चोर ठरवलं होतं.

सगळं झालं की संध्याकाळी गिऱ्हाईक नसताना एक कॉल लावून 20 मिनिटं तसाच चालू ठेवा. मग राउटर बंद करून चालू करा, अर्धा तास कुणी फोनला हात लावू नका, आणि बाहेरून रिंग देऊन बघा. वाजली तर माझं बिल द्या.