नल आला की अख्खं नाव गायब: क्वेरीत मजकूर जोडताना काय करायचं

सोसायटीच्या सभासदांची यादी काढायची असते, टेबलमध्ये नाव, मधलं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे कॉलम असतात, आपण तिन्ही जोडतो, क्वेरी रन करतो आणि बघतो तर काही लोकांच्या नावाच्या जागी रिकामी चौकट. सुनीता भरलंय, कदम भरलंय, फक्त मधलं नाव कुणी टाकलेलं नाही, तरी अख्खं नाव गायब! एरर कुठलीच येत नाही, आणि खरा धोका तोच आहे, कारण यादी प्रिंट होऊन वाटली जाईपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या. न भरलेल्या जागी डेटाबेस नल (NULL) ठेवतो, त्याच्या लेखी नल म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसलेली गोष्ट कशालाही जोडली की उत्तरही 'माहीत नाही' असंच येणार, एसक्यूएलच्या स्टँडर्डमध्ये नियमच तसा आहे. हा नियम शत्रू नाही, पुढे पत्ता जोडताना तो आपल्याच कामाला येतो, ते सांगतोच.

पहिलं काम म्हणजे नल आहेत कुठे ते शोधा. काउंट(*) आणि काउंट(मधले_नाव) शेजारी शेजारी काढा, दुसरा काउंट नल सोडून मोजतो त्यामुळे जो फरक येईल तेवढ्या ओळींत नल आहे. त्या ओळी बघायच्या असतील तर 'इज नल' लिहायचं, बरोबरचं चिन्ह टाकून नलशी तुलना केली तर एकही ओळ मिळत नाही. आणि एक्सेलमधून डेटा आणला असेल तर बऱ्याचदा नलऐवजी रिकामा मजकूर किंवा नुसती स्पेस बसलेली असते, ती वेगळी शोधावी लागते. लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवून दुसरं टेबल जोडणं) असेल तर अजून एक गोष्ट, कॉलम नॉट नल असला तरी समोरच्या टेबलमध्ये जोडीची ओळच नसेल तर नल येतोच.

मग आपला डेटाबेस कोणता ते बघा, कारण सगळे सारखे वागत नाहीत. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये दोन उभ्या रेघांनी (||) जोडलं की एक नल सगळं गिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्हाने जोडलं तरी तेच. मायएसक्यूएलमध्ये तर दोन उभ्या रेघा म्हणजे डिफॉल्टने 'ऑर', तिथे जोडायला कॉन्कॅट फंक्शनच वापरायचं, पण ते फंक्शनसुद्धा एक नल आला की नलच देतं. गंमत म्हणजे त्याच नावाचं फंक्शन पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये (2012 पासून) नलला रिकामं समजून पुढे जातं. ओरॅकलची गोष्टच निराळी, तिथे रिकामा मजकूर हाच नल मानतात आणि जोडताना नल आला तरी बाकीचा मजकूर शाबूत राहतो. म्हणून एकीकडची क्वेरी दुसरीकडे जशीच्या तशी चिकटवू नका.

आता उपाय. (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत करा.) सगळ्यांना माहीत असतं ते कोअलेस (COALESCE), ते कंसातली नल नसलेली पहिली किंमत देतं:

नाव || ' ' || कोअलेस(मधले_नाव, '') || ' ' || आडनाव

नाव परत येतं, पण सुनीता आणि कदमच्या मध्ये दोन स्पेस पडतात, आणि पुढे कुणी 'सुनीता कदम' असं सर्च केलं की सापडत नाही. स्पेसलाही कोअलेसच्या आत घ्या:

नाव || कोअलेस(' ' || मधले_नाव, '') || ' ' || आडनाव

मधलं नाव नसेल तर त्याची स्पेसही त्याच्याबरोबर जाते. ज्या कॉलममध्ये नल येऊ शकतो त्याचा स्वल्पविराम, स्पेस, लेबल सगळं त्याच्याबरोबरच जायला हवं, माझ्या मते या विषयात लक्षात ठेवायची गोष्ट ही एकच.

तुकडे जास्त असले की कॉन्कॅट_डब्ल्यूएस (CONCAT_WS) घ्या. पहिला आर्ग्युमेंट, म्हणजे कंसातली पहिली गोष्ट, हे मधलं चिन्ह, नंतरचे तुकडे, त्यात नल असला तर तो आणि त्याचं चिन्ह दोन्ही वगळतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये आहेच, एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2017 पासून आणि एसक्यूलाइटमध्ये 3.44 पासून आहे. फक्त रिकामा मजकूर हे फंक्शन वगळत नाही, त्यामुळे ', ,' असे जोडस्वल्पविराम दिसले तर प्रत्येक कॉलमला नलिफ(ट्रिम(कॉलम), '') असं गुंडाळा, म्हणजे ट्रिमने कडेच्या स्पेस जातात आणि नलिफने (NULLIF) रिकाम्याचा नल होतो.

आणि आता पत्ता. लेबलवर 'ता. हवेली, जि. पुणे' हवं असतं, पण तालुका भरलेला नसेल तर नुसतं 'ता. ,' छापून येतं, किती वाईट दिसतं ते! पोस्टग्रेसमध्ये असं लिहा:

कॉन्कॅट_डब्ल्यूएस(', ', इमारत, गाव, 'ता. ' || तालुका, 'जि. ' || जिल्हा, पिन)

तालुका नल असला की 'ता. ' जोडूनही तो तुकडा नलच राहतो आणि कॉन्कॅट_डब्ल्यूएस तो उचलून बाजूला टाकतं, म्हणजे गिळायचा तो नियम इथे आपलंच काम करतो. मायएसक्यूएलमध्ये आतल्या तुकड्याला कॉन्कॅट('ता. ', तालुका) लिहा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिक चिन्ह वापरा आणि देवनागरी मजकुराच्या अवतरणाआधी कॅपिटल एन लावायला विसरू नका, नाहीतर बहुतेक ठिकाणी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात. ओरॅकलमध्ये नल गिळत नसल्यामुळे ही युक्ती चालत नाही, तिथे एनव्हीएल2(तालुका, 'ता. ' || तालुका, नल) वापरा (पहिलं भरलेलं असेल तर दुसरं, नसेल तर तिसरं देतं) आणि स्वल्पविरामही तसाच आत घ्या.

सगळेच तुकडे नल असतील तर कॉन्कॅट_डब्ल्यूएस रिकामा मजकूर देतं, नल देत नाही. म्हणून बाहेरून नलिफ लावून मग कोअलेसने 'पत्ता नोंदवलेला नाही' असं काहीतरी दाखवा, लेबल कोरं जाण्यापेक्षा ते बरं.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांनी आयसनल (ISNULL, नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) जपून वापरा, ते पहिल्या कॉलमचा टाइप आणि लांबी पकडून ठेवतं. पिन कोडचा कॉलम एनव्हारचार(6), म्हणजे मात्रा, अनुस्वार, स्पेस धरून सहाच चिन्हांचा असेल आणि तुम्ही आयसनलमध्ये 'नोंद नाही' दिलंत तर बाहेर 'नोंद न' एवढंच येतं. कोअलेस असं कापत नाही. पोस्टग्रेसमध्ये पिन इंटीजर (पूर्णांक) असेल तर कोअलेसमध्ये मजकूर देताच एरर येते, आधी टेक्स्टमध्ये कास्ट करा, म्हणजे मजकुरात बदलून घ्या.

अनेक ओळी एकत्र जोडणारी फंक्शन्स, म्हणजे पोस्टग्रेसचं स्ट्रिंग_अ‍ॅग आणि मायएसक्यूएलचं ग्रुप_कॉन्कॅट, नल आपोआप सोडतात. मायएसक्यूएलमध्ये मात्र डिफॉल्ट मर्यादा 1024 बाइट्सची आहे आणि देवनागरीचा एकेक कोडपॉइंट (अक्षर, मात्रा असं एकेक चिन्ह) तीन बाइट्स खातो, त्यामुळे मराठी नावांची यादी मध्येच तुटते, ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन वाढवून ठेवा.

लाइव्ह टेबलवर अपडेट मारायच्या आधी सिलेक्टने तपासा. तीन कॉलम असतील तर भरलेलं-न भरलेलं अशा आठच जोड्या होतात, आठ ओळींचं छोटं टेबल बनवून त्यावर क्वेरी चालवा आणि प्रत्येक ओळ डोळ्यांनी बघा. पूर्ण नाव पोस्टग्रेसच्या जनरेटेड कॉलममध्ये (बाकीच्या कॉलमवरून आपोआप भरणाऱ्या) ठेवायचं असेल तर तिथे कॉन्कॅट_डब्ल्यूएस चालणार नाही, कारण ते इम्युटेबल (त्याच माहितीला कायम तेच उत्तर देणारं) मानलेलं नाही, तिथे कोअलेस आणि दोन उभ्या रेघांचीच पद्धत वापरा.