मेकॅट्रॉनिक्स शिकायचंय? दोन बादल्या घ्या

पाणी भरलं की मोटर आपोआप बंद व्हायला हवी, हे आपल्याकडे घराघरातलं काम, आणि इंजिनीअरिंगच्या पोरांना मेकॅट्रॉनिक्स (म्हणजे यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रॅमिंग एकत्र) शिकायला याच्याइतका चांगला प्रोजेक्ट मला तरी दुसरा दिसत नाही. सेन्सर बघतो, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप) ठरवतो, पंप पाणी चढवतो, पातळी बदलली की सेन्सर परत बघतो... हे चक्र एकदा हाताने जुळवलं ना, की कंट्रोल सिस्टीमच्या लेक्चरमधला फीडबॅक डोळ्यांसमोर दिसायला लागतो.

सामान फार नाही. दोन बादल्या (खालच्या बादलीत पंप, वरची टाकीसारखी), अर्डुइनो उनो (मायक्रोकंट्रोलरचा तयार बोर्ड), एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाने अंतर मोजणारा), ५ व्होल्टचा छोटा सबमर्सिबल म्हणजे पाण्यात बुडवायचा पंप, रिले मोड्यूल (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा स्विच), जंपर वायरी. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, सगळं मिळतं. मल्टिमीटर मात्र स्वतःचा घ्याच.

आधी फक्त सेन्सर, पंपाला हात लावायचा नाही. ट्रिगर पिनला १० मायक्रोसेकंदांची पल्स दिली की तो ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो आणि एको पिन तो परत येईपर्यंतचा वेळ सांगते. आवाज जाऊन परत येतो म्हणून एका सेंटीमीटरला साधारण ५८ मायक्रोसेकंद धरा. भिंतीसमोर पट्टी ठेवून १०, २०, ३० सेंटीमीटरला काय रीडिंग येतं ते वहीत लिहा. कंटाळवाणं वाटेल पण करा, कारण आपला सेन्सर कितपत खरं बोलतो हे यातूनच कळतं.

मग एकटा पंप. उनोच्या पिनमधून २० मिलीअँपिअरच्या वर घेऊ नये, पंपाला त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून मध्ये रिले. मी पहिल्यांदा पंप बोर्डाच्याच ५ व्होल्ट पिनवर लावलेला, पंप सुरू झाला की बोर्ड रीसेट, आणि दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधत बसलो! शेवटी मीटर लावला तर पंप सुरू होताना व्होल्टेज खाली बसत होतं. पंपाला वेगळा ५ व्होल्टचा चार्जर द्या आणि पंपाच्या दोन टोकांना १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, डायोडवरच्या पट्ट्याची बाजू प्लसकडे.

आता जोडा. सेन्सर वरच्या बादलीवर आडव्या फळीला, मधोमध, नाहीतर बादलीच्या कडेवरून एको येतो. खरी गंमत इथे आहे: "१० सेंटीमीटरला बंद" एवढंच लिहिलंत तर पाणी हलतं, रीडिंग ९.८, १०.३, ९.९ होतं आणि रिले टक-टक-टक करत राहतो. म्हणून दोन मर्यादा ठेवा, सेन्सरपासून पाण्यापर्यंतचं अंतर २० च्या वर गेलं तर चालू, १० च्या खाली आलं तर बंद, मधल्या पट्ट्यात जे चाललंय ते चालू द्या. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. शिवाय दर वेळी पाच रीडिंग घेऊन, लहान-मोठी क्रमाने लावून मधलं धरा, आणि रीडिंग शून्य आलं म्हणजे एको मिळालाच नाही, तेव्हा पंप बंदच करा.

घरच्या २३० व्होल्टच्या मोटरला एवढ्यावर हात लावू नका, जाणकार माणूस शेजारी हवा.

पुढे ईएसपी३२ (दुसरा एक मायक्रोकंट्रोलर) वर गेलात तर त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, एको ५ व्होल्टचा, तेव्हा मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडणी) टाका, पिनला २ किलोओहमवरचं व्होल्टेज द्या.