जिल्ह्याच्या आरोग्याचा आकडा हातात आला की आधी काय पाहायचं?

निवडणूक जवळ आली, किंवा कुठे बाळ दगावल्याची बातमी झाली, की माझा फोन वाजायला लागतो. कधी वार्ताहर, कधी संस्थेतली मुलं-मुली, क्वचित एखादे पंचायत समितीचे सदस्य. प्रश्न ठरलेला: "ताई, हा आकडा खरा आहे का?" घरोघर जाऊन होणाऱ्या आरोग्य सर्वेक्षणांत मी पर्यवेक्षक होते, आता आकडे वाचायला शिकवते. या प्रश्नावर मी उलट विचारते, हा आकडा कितीजणांपैकी आहे, आणि त्यातून कोण सुटलंय? मग फोनवर शांतता. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते.

सुरुवात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, जिल्हा फॅक्टशीटपासून करा. मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी हे सर्वेक्षण करते. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतल्या ६,३६,६९९ कुटुंबांकडून माहिती घेतली. प्रत्येक जिल्ह्याची थोडक्या पानांची पीडीएफ फुकट मिळते, कुणाच्या ओळखीची गरज नाही.

पीडीएफ उघडली की तक्त्यावर झडप घालू नका. पानाच्या तळाशी बारीक अक्षरातल्या टिपा असतात, त्या आधी वाचा. कंसात छापलेला आकडा म्हणजे तो २५ ते ४९ जणांच्याच माहितीवर काढलाय. आकड्याच्या जागी नुसती चांदणी असेल तर २५ पेक्षाही कमी जण सापडले, म्हणून टक्केवारी छापलेलीच नाही. आता हे का होतं ते एकदा हिशेब करून बघाच, म्हणजे पुढे कुणाला सांगावं लागणार नाही. एका जिल्ह्यात साधारण ९०० घरं निवडतात. देशाच्या सरासरीने पाहिलं तर एवढ्या घरांत पाच वर्षांखालची मुलं सव्वातीनशेच्या आसपास निघतात. तक्त्यात एक ओळ असते: जुलाब झालेल्या किती मुलांना ओआरएस मिळालं. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांतल्या जुलाबाचा असतो, आणि पाचव्या फेरीत देशात अशी मुलं ७.३ टक्के निघाली. सव्वातीनशेचे ७.३ टक्के म्हणजे २४ मुलं. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं ओआरएसचं चित्र दोन डझन मुलांवर. त्यातल्या चार आयांचं उत्तर इकडचं तिकडे झालं की टक्केवारी सोळा-सतराने हलली. कंसात छापलेल्या अशा ओळीवर "जिल्हा पिछाडीवर" असा मथळा करणाऱ्याला मी फोनवर जरा कडकच बोलते.

मोठ्या ओळींनाही जिल्हा पातळीवर हा रोग आहेच, फक्त सौम्य. सव्वातीनशे मुलांत ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली, तर खरा आकडा पाच-सहाने वर किंवा खाली असू शकतो, हे गृहीत धरून चाला. शेजारच्या दोन जिल्ह्यांत तीन टक्क्यांचा फरक दिसला, तर त्यावरून कुणाला शाबासकीही देऊ नका आणि कुणाची खरडपट्टीही काढू नका.

मागच्या फेरीशी तुलना करायची असेल तर आधी जिल्ह्याची हद्द तपासा. चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर झाली होती. पालघर ठाण्यातून वेगळा झाला ऑगस्ट २०१४ मध्ये. त्यामुळे चौथ्या फेरीतलं ठाणं आणि पाचव्या फेरीतलं ठाणं हे एकच नाहीत.

तारखाही तपासा. "२०१९-२१" हे लेबल पाहून लोक महाराष्ट्राच्या आकड्यांत कोविडचा परिणाम शोधतात. तो तिथे नाहीच. पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यात होता, आणि पहिल्या टप्प्याचं काम जानेवारी २०२० अखेर संपलं. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, तमिळनाडू दुसऱ्या टप्प्यात होते, त्यांचं काम टाळेबंदीमुळे रखडून एप्रिल २०२१ पर्यंत चाललं. या दोन गटांची राज्यं एका रांगेत उभी करून क्रमांक लावणं मला तरी पटत नाही. महाराष्ट्रात ठेंगण्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत ३४.४ होतं, पाचव्यात ३५.२ झालं. कुणी म्हणालं कुपोषण वाढलं, कुणी सारवासारव केली. या फरकावरून वाढलं म्हणता येत नाही, घटलं तर नाहीच नाही. दोन फेऱ्यांमध्ये काटा जागचा हलला नाही, ही खरी बातमी होती, आणि ती कुणी छापली नाही.

आता थोडं मोजमापाच्या जागी जाऊ, कारण टक्केवारीचा उगम तिथे आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची उभं करून घेत नाहीत, पाटावर आडवं झोपवून लांबी घेतात. एकजण डोकं पाटाच्या टोकाला टेकवून धरतो, दुसरा गुडघे दाबून तळव्यांना फळी भिडवतो. पोरगं रडून घर डोक्यावर घेतं, आजी "पुरे आता" म्हणून ओरडते, आणि त्या गडबडीत फळीवरचा आकडा वाचायचा असतो. तेवढंच नाही. मूल ठेंगणं की नाही हे ठरतं वयावरून, आणि जन्मतारीख विचारली की आई सांगते, "पोळ्याच्या पुढं-मागं झाला." कोणत्या वर्षीचा पोळा? मग लसीकरणाचं कार्ड शोधायचं, ते नसेल तर सणवार, पाऊस, गावातलं एखादं लग्न असं जोडत महिन्यापर्यंत यायचं. दोन महिने इकडेतिकडे झाले की तेच मूल, तीच लांबी, पण "ठेंगणं" या रकान्यातून बाहेर पडतं किंवा आत येतं. हजारो मुलांत या चुका बऱ्याचशा एकमेकींना खोडतात, म्हणून राज्याचा आकडा तग धरतो. मात्र गावपातळीवर असा आकडा कुणी सांगत असेल तर दुरूनच नमस्कार करा.

रक्तक्षयाच्या आकड्याला तर मी वेगळा लाल शेरा मारते. पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, आधी हा आकडा ५८.६ होता. मोठाच धक्का. पण या सर्वेक्षणात बोटाला किंवा टाचेला टोचून थेंब घेतात आणि जागेवरच छोट्या यंत्रात हिमोग्लोबिन पाहतात. थेंब नीट आला नाही, बोट पिळलं, की आकडा बदलतो. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या घरात निघालं. वयोगट थोडा वेगळा, वर्षंही वेगळी, तरी एवढी दरी त्यातून भरून निघत नाही. दोन्ही आकडे सरकारीच. म्हणून रक्तक्षयाचा आकडा लिहिताना रक्त कुठून घेतलं तेही लिहायचं, ही माझ्याकडची सक्ती आहे.

कोण मोजलं गेलं, याचं माझं आवडतं उदाहरण १,०२० चं. पाचव्या फेरीनंतर बातम्या आल्या की देशात आता हजार पुरुषांमागे १,०२० बायका. २०११ च्या जनगणनेत ९४३ होत्या. दहा वर्षांत एवढी उलथापालथ कशी होईल? सर्वेक्षण घरात होतं, आणि हा आकडा काढताना आदल्या रात्री त्या घरात कोण झोपलं होतं ते धरतात. कामासाठी परगावी गेलेला, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहणारा, लष्कराच्या बराकीतला पुरुष तिथे सापडत नाही. त्याच फॅक्टशीटमध्ये मागच्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांतलं प्रमाण हजार मुलग्यांमागे ९२९ मुली असं दिलंय. मुलींच्या जन्माविषयी बोलायचं असेल तर ते पाहायचं.

सिझेरियनच्या ओळी वाचताना "पैकी" हा शब्द मनातल्या मनात मोठ्याने म्हणा. एकूण बाळंतपणांपैकी सिझेरियन २१.५ टक्के. खासगी दवाखान्यांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४. सरकारीत झालेल्यांपैकी १४.३. तीन ओळी, तीन वेगळे छेद. मधला आकडा उचलून "देशात निम्मी बाळंतपणं सिझेरियनने" असं लिहिलेलं मी वाचलंय. सरकारी-खासगी तुलना करतानाही जपून: अवघड बाळंतपणं कुठून कुठे पाठवली जातात हे या ओळींतून कळत नाही. तरी एवढी मोठी तफावत निव्वळ अवघड केसेसमुळे आहे, असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही.

मृत्यूचे आकडे मात्र वेगळ्या दुकानात मिळतात. जिल्हा फॅक्टशीटमध्ये बालमृत्युदर नसतोच, एवढ्या लहान नमुन्यातून तो काढताच येत नाही. त्यासाठी महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, पाहा. निवडलेल्या वस्तीत एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा येऊन स्वतंत्रपणे तेच तपासतो. दोन्ही याद्या जुळवतात, जुळलं नाही तर पुन्हा जाऊन पाहतात. मला ही पद्धत फार आवडते, साधी आणि संशयी. मातामृत्यू त्यातही विरळ, म्हणून तीन-तीन वर्षं एकत्र करतात. २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३, केरळात १९, आसामात १९५. एसआरएस जिल्ह्याचा आकडा देत नाही. कुणी "आमच्या जिल्ह्याचा माता मृत्युदर" म्हणून आकडा पुढे केला तर तो बहुधा दवाखान्यांच्या मासिक अहवालातला, म्हणजे एचएमआयएसमधला, असतो. त्यात नोंद झालेलेच मृत्यू येतात. त्याच एचएमआयएसमध्ये लसीकरण १०० टक्क्यांच्या वर गेलेलंही दिसेल. घाबरू नका, छेदात अंदाजे लोकसंख्या धरलेली असते आणि अंशात शेजारच्या तालुक्यातून आलेली बाळंही असतात.

पैशाकडे येऊ. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ झाला. ऐकायला गोड. पण हा वाटा आहे, रक्कम नव्हे. सरकारचा खर्च वाढला की खिशातला रुपया न घटताही वाटा घटतो, आणि २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष होतं. शिवाय खिशातला खर्च बराचसा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या जुलै २०१७ ते जून २०१८ मधल्या ७५ व्या फेरीवरून पुढे ओढून काढलेला आहे. त्या फेरीत दवाखान्यात भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च, बाळंतपण सोडून, सरकारीत ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. हा प्रश्न मागच्या ३६५ दिवसांतल्या भरतीबद्दल असतो. भरती व्हायला सांगूनही पैशाअभावी जो घरीच पडून राहिला, त्याचा खर्च शून्य. असे लोक वाढले तर खिशातला खर्च कागदावर कमीच दिसणार. म्हणून हा आकडा एकट्याने वाचू नका, शेजारी भरती झालेल्यांचं प्रमाण ठेवा. सरकारी बाजूचं मोजमाप त्यामानाने सरळ आहे: २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं, २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

शेवटी डॉक्टरांच्या जागा. इथे सगळ्यात सोपी हातचलाखी होते. निकषानुसार सपाटीच्या भागात एक लाख वीस हजार लोकांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय, आणि तिथे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ हवेत. समजा मंजूर दोनच पदं आहेत आणि दोन्ही भरलीत. साहेब सांगतील, "आमच्याकडे रिक्त पद शून्य." खोटं नाही ते. पण निकषाने पाहिलं तर निम्मे डॉक्टर नाहीतच. २०२१-२२ च्या केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीत देशभरच्या सामुदायिक केंद्रांत शल्यचिकित्सकांची गरजेच्या तुलनेत ८३.२ टक्के तूट दाखवली होती, बालरोगतज्ज्ञांची ८१.६.

हे तुमच्या तालुक्यापुरतं हवं असेल तर कुठलंही सर्वेक्षण कामाचं नाही, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून औषधसाठा आणि पदं एकाच अर्जात कोंबू नका. चारच रकाने मागा: निकषानुसार पदं, मंजूर पदं, भरलेली पदं, आणि भरलेल्यांपैकी प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करणारे किती. चौथा रकाना विसरू नका. पगार इथून निघतो आणि डॉक्टर बसतात जिल्ह्याच्या ठिकाणी, हे फक्त त्यातच दिसतं. उत्तर आलं की तारखेची प्रत जपून ठेवा आणि सहा महिन्यांनी तोच अर्ज शब्द न बदलता पुन्हा टाका.