परदेशातल्या मिशनवर कृपेची वही कशी ठेवावी

परदेशी निघालेल्या तरुण धर्मभगिनी विचारतात, "सिस्टर, सोबत काय नेऊ?" मी सांगते, एक कोरी वही न्या आणि ती रोज रात्री उघडा. बाकीचं तिथले लोक देतात. लूकच्या शुभवर्तमानातला 10वा अध्याय काढून बघा. येशू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, पण थैली, झोळी, वहाणा काही घेऊ देत नाही. ज्या गावी जाल तिथे पुढ्यात वाढतील ते खा, म्हणतो. द्यायला निघालेल्यांना त्याने आधी घ्यायला लावलं. म्हणून वहीत लिहायचं ते कुणाच्या हातून काय मिळालं एवढंच. आपण काय दिलं ते वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात येतंच, आणि जरा फुगवूनच येतं.

वेळ रात्रीची, झोपण्याआधी दहा मिनिटं. येशूसंघ या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिलीच उपकारस्तुतीची आहे. मग प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, क्षमा मागायची आणि उद्याचा निश्चय करायचा. आपण बहुतेक जणी पहिली पायरी उरकून थेट चुकांवर येतो. नव्या देशात हे फार महागात पडतं. तिथे भाषा चुकते, रस्ता चुकतो, कुणाला आधी नमस्कार करायचा तेही चुकतं. चुकांपासून सुरुवात केलीत तर रात्र पुरणार नाही.

"लोक फार प्रेमळ आहेत" असं लिहू नका. ते वाक्य कुठल्याही देशातून लिहिता येतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: 'बसमध्ये तिकीट यंत्रात उलटं घालत होते. मागच्या बाईने काही न बोलता हातातून घेतलं, सरळ करून घातलं, माझ्याकडे न बघता पुढे गेली.' एवढं बारीक लिहिलं की दुसऱ्या दिवशी डोळे आपोआप अशा गोष्टी टिपायला लागतात. दिवसाला एक नोंद पुरे. आकडा ठरवलात की रात्री वही भरण्यासाठी सूर्योदय आणि फुलं आठवायची वेळ येते.

भाषेबद्दल जरा जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त रडू तिथेच येतं. वृद्धाश्रमात मी एका आजींना शुभवर्तमान वाचून दाखवायला जायचे. त्यांची दृष्टी गेली होती, कान मात्र शाबूत. माझा उच्चार चुकला की त्या पलंगाच्या दांडीवर बोटाने टकटक करायच्या. मी पुन्हा म्हणायचे, पुन्हा टकटक. नीट आलं की नुसतं "पुढे". सेवा करायला मी गेले होते आणि शिकवणी त्या घेत होत्या, तीही फुकट! पुढे रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मला वाचन दिलं, तेव्हा आधी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं, "हे तुमच्यामुळे." त्या म्हणाल्या, "दुसरी ओळ अजून कच्ची आहे."

तर नियम असा, की वहीतलं वहीतच ठेवू नका. ज्याच्या हातून मिळालं त्याला जाऊन सांगा, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना. आणि भाषा येत नाही म्हणून खचलात तर फादर थॉमस स्टीफन्स आठवा. हा इंग्रज येशूसंघीय 1579 साली गोव्यात उतरला आणि त्याचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं 1616 मध्ये. त्यात त्याने या परक्या भाषेचं कौतुक ओव्यांमधून गायलंय. मधे सदतीस वर्षं गेली, आणि आपण सहा महिन्यांत हात टेकतो.

एक प्रकार मात्र मला अजिबात खपत नाही. तिथल्या गरिबाकडे बघून "देवा, मला किती दिलंस" म्हणायचं. त्याच्या अडचणीवर आपलं समाधान उभारायचं, याला मी कृतज्ञता म्हणत नाही. घरी पत्र लिहितानाही हे सांभाळा. त्या माणसाने आपलं पत्र वाचलं तर त्याला काय वाटेल, एवढं विचारून मगच पाठवा.

आणि सगळ्याच गोष्टींचे आभार मानायचे नसतात. आजारपण अंगावर काढणं, कुणाचं वाईट वागणं, न झेपणारं काम, हे वरिष्ठांना त्याच आठवड्यात स्पष्ट सांगावं. देवाकडे तक्रार करायलाही बंदी नाही. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

नाताळात, घरच्या कुणाच्या आजारपणाची बातमी येते तेव्हा, किंवा उगीचच, वही कोरी राहते. अशा रात्री मी 136वं स्तोत्र काढते. 26 ओव्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच, त्याची दया सनातन आहे. वरची अर्धी ओळ सोडून तिथे आपला दिवस घालायचा, मोठ्याने. 'आज किल्ली हरवली, शेजारणीने दार उघडलं, त्याची दया सनातन आहे.' 'आज कुणीच बोललं नाही, त्याची दया सनातन आहे.' दुसरं वाक्य म्हणताना आवाज खोटा वाटला तर वाटू द्या, तिथेच थांबा आणि झोपा.