सॉकेट गप्प का बसतं: ब्लॉकिंग आणि टाइमआउट, नवशिक्यांसाठी

नागपूरच्या मिहानमधल्या नोकरीच्या तयारीत बहुतेक मुलं पायथनमध्ये इको सर्व्हर (आलेला डेटा तसाच परत पाठवणारा प्रोग्राम) लिहून बघतात. क्लायंट आणि सर्व्हर एकाच लॅपटॉपवर, त्यामुळे सगळं पटापट चालतं. मे महिन्यात भर दुपारी दुसऱ्या मशीनची लाईन गेली की खरी गंमत. ते मशीन जोडणी तोडल्याचं पॅकेट न पाठवताच बंद पडतं आणि तुमच्या सॉकेटचं (प्रोग्राममधलं जोडणीचं टोक) रिसीव्ह, म्हणजे डेटा वाचणारा कॉल, वाट बघत बसतं. एरर नाही, काही नाही. कीपअलाइव्ह (पलीकडचं मशीन जिवंत आहे का ते विचारणारी सोय) आपणहून चालू नसतं. चालू केलं तरी लिनक्सवर पहिली विचारपूस ७२०० सेकंदांनी होते.

सॉकेटने किती थांबायचं ते सेटटाइमआउट ठरवतं. त्याला नन (None) दिलं की ब्लॉकिंग, म्हणजे काम होईपर्यंत थांबणं, ५ दिले की पाच सेकंदांची मुदत, आणि ० दिलं की नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे अजिबात न थांबणं. शून्य म्हणजे ‘मुदतच नाही’ असं समजणारे पुष्कळ. मग कनेक्टला (जोडणी करणारा कॉल) लगेच ब्लॉकिंग-आयओ-एरर येतो (लिनक्सवर क्रमांक ११५) आणि सर्व्हरला दोष दिला जातो. त्याचा अर्थ एवढाच की जोडणीचं काम सुरू आहे. सिलेक्टने (सॉकेट तयार होईपर्यंत थांबणारा कॉल) सॉकेट लिहिण्याजोगं होऊ द्या, मग एसओ-एरर (सॉकेटवरच्या एररचा क्रमांक) वाचा. तो शून्य असेल तरच जोडणी झाली. फसलेली जोडणीसुद्धा लिहिण्याजोगीच दिसते.

मुदत कनेक्टच्या आधी लावा. नाहीतर पलीकडून काहीच उत्तर नसताना लिनक्स दोन मिनिटांच्या थोडं वर प्रयत्न करत राहतो. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ चटकन आलं तर बहुधा मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. मुदत संपली तर फायरवॉल पॅकेट गिळतोय का ते आधी बघा.

सगळ्यात जास्त फसवतं ते हे: रिसीव्हची मुदत प्रत्येक कॉलपुरती असते. सर्व्हर दर चार सेकंदांनी एकेक बाइट देत राहिला, तर पाच सेकंदांची मुदत कधीच संपत नाही. हजार बाइटांना तासाहून जास्त लागतो. म्हणून शेवटची वेळ मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळावर ठरवा आणि प्रत्येक रिसीव्हआधी उरलेले सेकंद सेटटाइमआउटला द्या. उरलेलं शून्य किंवा उणे असेल तर तिथेच थांबा. शून्य दिलंत तर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग होईल, उणे दिलंत तर व्हॅल्यू-एरर.

सगळा डेटा पाठवणाऱ्या सेंडऑलचं उलट. पायथन ३.५ पासून तिथे मुदत सगळ्या डेटाला मिळून लागते. ती संपली तर किती बाइट गेले हे कळत नाही, म्हणून तेच सॉकेट पुन्हा वापरू नका, बंद करा.

सर्व्हरवर आलेली जोडणी स्वीकारणाऱ्या ॲक्सेप्टने दिलेल्या नव्या सॉकेटला ऐकणाऱ्या सॉकेटची मुदत मिळत नाही. डीफॉल्ट टाइमआउट ठरवला नसेल तर ते ब्लॉकिंगच निघतं, तेव्हा मुदत पुन्हा लावा.

करून बघायचं तर ५००० पोर्टवर नेटकॅट (जोडण्या करून बघायचं छोटं कमांड-साधन) ऐकत ठेवा आणि कंट्रोल-झेडने गोठवा. कनेक्ट तरीही यशस्वी होतं, कारण हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) प्रोग्राम नाही, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) करतो. मुदत संपते ती रिसीव्हला.